सामना संपल्यावर फोटो-व्हिडिओ नीट कसे लावायचे: मैदानापासून कपाटातल्या हार्ड डिस्कपर्यंत

हंगाम सुरू झाला की आपल्या बेळगाव भागात दर रविवारी कुठे ना कुठे मैदान असतं. येळ्ळूर, सांबरा, कंग्राळी, खानापूर, निपाणी. कुस्ती झाली की कबड्डी, मग शाळांच्या स्पर्धा, मग रात्रीच्या उजेडातलं टेनिस बॉल क्रिकेट. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन कॅमेरे आणि चार-पाच मोबाइल चालू असतात. मंगळवारी एखाद्या तालमीतून फोन येतो, ‘त्या घिश्श्याचा फोटो दे की’ (घिस्सा म्हणजे कुस्तीतला एक डाव), आणि मग शोधाशोध सुरू होते.

घोटाळा बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने होतो. कार्ड लॅपटॉपला लावायचं, चांगले दहा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, बाकीचे ‘नवीन फोल्डर ३’ मध्ये ढकलायचे आणि पुढच्या मैदानाला जाताना गाडीतच कार्ड फॉरमॅट करायचं. आमच्या गटाचंही असंच झालं होतं. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे, दोन्हींचे फाइल क्रमांक फिरून ०००१ वर आलेले. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवताना संगणकाने विचारलं, ‘याच नावाची फाइल आहे, बदलायची का?’ घाईत ‘हो, सगळ्यांसाठी’ दाबलं गेलं. पहिल्या कॅमेऱ्याचे शेकडो फोटो पुसले गेले आणि पहिल्या नंबरच्या कुस्तीची चितपट त्यातच होती. लक्षात आलं तोवर कार्ड फॉरमॅट होऊन पुन्हा वापरलंही गेलं होतं.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. आधी दोन प्रती, मग पडताळणी, मग निवड, मग नावं. कार्ड रिकामं करायचं ते पडताळणीनंतरच.

टप्पा १: आदल्या रात्रीची तयारी

कार्डांना नंबर द्या. पहिल्या कॅमेऱ्याची अ१, अ२, दुसऱ्याची ब१, ब२. कायम शाईच्या पेनाने कार्डावरच लिहा, डबीवर नको, कारण डब्या बदलतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइलच्या नावाची पहिली तीन अक्षरं बदलता येतात. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी तीन अक्षरं द्या आणि फाइल क्रमांक ‘सलग’ ठेवा, ‘दर कार्डाला नव्याने’ नको. एवढ्या दोन सेटिंगनी आमचा तो अपघात टळला असता.

सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं मोबाइलवरून सेकंदापर्यंत जुळवा. अंदाजे मिनिट जुळवून भागत नाही. तीन कॅमेऱ्यांचे फोटो वेळेनुसार एकत्र लावल्यावर डाव आधी आणि पकड नंतर दिसते, ती याच चुकीमुळे.

मग जागेचा हिशेब. फोटोंचा त्रास नसतो, व्हिडिओचा असतो. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. तीन कॅमेरे चार तास चालले तर ५४० जीबी झाले, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे एक टीबीच्या वर. एवढी मोकळी जागा घरच्या डिस्कवर आहे का, हे शनिवारी बघायचं. रविवारी रात्री अकराला कळलं तर कोणीतरी जुनं काहीतरी घाईत पुसतो, आणि नेमकं नको ते पुसतो.

शेवटचं, आयोजकांचं हँडबिल मागून घ्या. जोड्या, गावं, तालमी, इनाम सगळं त्यात असतं. फोटोंना नावं देताना याच्याइतका आधार दुसरा नाही. मात्र छापलेली नावं जशीच्या तशी खरी मानू नका. गावाचं नाव चुकलेलं, पैलवान बदललेला, असं दर मैदानात होतं.

*तपासणी:* निघण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्यातून एक फोटो काढा आणि त्याची तारीख, वेळ, फाइलचं नाव बघा. बॅटरी पूर्ण उतरून पडलेल्या कॅमेऱ्याची तारीख काही वर्षं मागे गेलेली असू शकते.

टप्पा २: मैदानावर

प्रत्येक कार्डाचा पहिला फोटो हँडबिलाचा आणि दुसरा मोबाइलवरच्या घड्याळाचा, सेकंदकाटा दिसेल असा. सगळ्या छायाचित्रकारांनी एकच घड्याळ टिपायचं. नंतर एखादा कॅमेरा दीड मिनिट पुढे निघाला तरी या फोटोवरून फरक काढून सगळ्या फाइलींची वेळ एकदम सरकवता येते.

एक माणूस वहीसाठी मोकळा ठेवा. हे पटवून द्यायला मला फार वेळ लागतो, कारण प्रत्येकाला कॅमेराच हातात हवा असतो. वहीवाला निवेदकाच्या शेजारी बसतो. कुस्ती लागली की वेळ लिहितो, हँडबिलावरच्या जोडीचा नंबर लिहितो, कोणाची लांग (पैलवानाचा लंगोट) कोणत्या रंगाची ते लिहितो, आणि निकाल, डावाच्या नावासकट. एक ओळ अशी दिसते: ‘४.५२, जोड ७, लाल लांग येळ्ळूर, निळी निपाणी, ४.५८ लाल विजयी, एकचाक.’ एवढ्या एका ओळीवर रात्री साठ-सत्तर फोटोंची नावं लागतात. हलगीच्या आवाजात निवेदकाचं ऐकू येत नसेल तर जोड सुटल्यावर पैलवानाला किंवा त्याच्या वस्तादांना गाठून विचारा. डावाचं नाव तर वस्तादांनाच विचारायचं. घिस्सा की पोकळ घिस्सा, हा वाद कॅप्शन छापून आल्यावर झाला तर लाज आपली जाते.

कबड्डीत आणि क्रिकेटमध्ये पाठीवरचा नंबर हाच धागा. सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांच्या यादीचा फोटो काढा. जर्सी उसन्या आणलेल्या असतात, काल ७ नंबर घातलेला आज ११ घालून येतो. कालची यादी आज चालत नाही.

भरलेलं कार्ड उजव्या खिशात, रिकामं डाव्या. हा नियम गटातल्या सगळ्यांचा एकच असू द्या. कार्ड बदलायचं असेल तर हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडेला उभं राहून बदलू नका. तेल-ताक-हळद घातलेली तांबडी माती आणि उधळलेला गुलाल दोन्ही कॅमेऱ्याच्या फटीत जाऊन बसतात. दहा पावलं मागे या, पाठ वाऱ्याकडे करा.

घाईने पाठवायचे चार-पाच फोटो कॅमेऱ्यातच ‘प्रोटेक्ट’चं बटण दाबून खुणावून ठेवा. ते वाय-फायने मोबाइलवर घेऊन लहान आकारात पाठवा. गर्दीत नेटवर्क दमतं, मोठी फाइल अडकून बसते.

*खबरदारी:* कॅमेऱ्यात फोटो पुसत बसू नका, खराब दिसला तरी. लहान पडद्यावर धूसर वाटलेला फोटो मोठ्या पडद्यावर कामाचा निघतो, आणि घाईत बोट चुकीच्या फोटोवर पडतं. दुसरं, ‘प्रोटेक्ट’ केलेला फोटो पुसण्यापासून वाचतो, फॉरमॅटपासून वाचत नाही.

टप्पा ३: उतरवणं

घरी किंवा कचेरीत आल्यावर पहिलं काम हे. जेवण नंतर.

प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर. नावाचा क्रम असा: वर्ष-महिना-दिवस, मग खेळ, मग गाव, मग कार्डाचा नंबर. उदाहरणार्थ ‘२०२६-०१-१८_कुस्ती_सांबरा_अ१’. इथे देवनागरीत लिहिलंय ते वाचायला सोपं म्हणून. प्रत्यक्ष फाइल-फोल्डरची नावं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच ठेवा, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ. देवनागरी नावं एका संगणकावर नीट दिसतात आणि दुसऱ्यावर, जुन्या टीव्हीवर किंवा सर्व्हरवर चढवताना मोडतात. वर्ष आधी लिहिल्याने फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च शेजारी येऊन बसतात.

नेहमी ‘कॉपी’, कधीही ‘कट’ नाही. मध्येच वीज गेली तर कट केलेली फाइल इथेही नाही आणि तिथेही नाही अशी अडकू शकते.

व्हिडिओच्या कार्डाचं मूळ फोल्डर पूर्ण उचला. आतल्या फक्त मोठ्या फाइली वेचून घेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत क्लिपसोबत छोट्या माहितीच्या फाइली असतात. लांब चित्रण तुकड्यांत साठवलं गेलं असेल तर कुठला तुकडा कोणानंतर, ते कधीकधी त्यांच्यातच असतं.

पहिली प्रत कामाच्या एसएसडीवर (चिपवाल्या वेगवान डिस्कवर) आणि दुसरी थेट कार्डावरून हार्ड डिस्कवर. पहिल्या प्रतीवरून दुसरी काढू नका. पहिली बिघडलेली असेल तर तोच बिघाड दुसऱ्या प्रतीत जातो.

चांगला कार्ड रीडर घ्या, पैसे वसूल होतात. सेकंदाला ९० एमबी वाचणाऱ्या रीडरवर ४५ जीबी साडेआठ मिनिटांत उतरतात. जुन्या यूएसबी २ च्या रीडरवर तेवढ्यालाच वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि कंटाळून माणूस पडताळणी सोडून देतो.

टप्पा ४: पडताळणी, आणि मगच फॉरमॅट

फोल्डरचा आकार आणि फाइलींची संख्या जुळली म्हणजे काम झालं असं बहुतेक जण मानतात. आतून बिघडलेल्या फाइलचा आकारही बरोबर दिसू शकतो. फाइलच्या आतल्या मजकुरावरून एक आकडा निघतो, त्याला चेकसम म्हणतात. मूळ आणि प्रत यांचा चेकसम एकच आला तरच प्रत खरी. हाताने करायचं काही नाही. विंडोजवर टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरा आणि त्यातला ‘व्हेरिफाय’चा पर्याय चालू ठेवा.

मग डोळ्यांनी: प्रत्येक कार्डातला पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडा. व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दहा-दहा सेकंद चालवून बघा, आवाजासकट.

दोन्ही प्रती तपासून झाल्या की वहीत कार्डाच्या नंबरापुढे ‘✓✓’ करा. ज्याने खूण केली त्यानेच कार्ड फॉरमॅट करायचं, आणि तेही संगणकावर नव्हे, ज्या कॅमेऱ्यात ते वापरायचं आहे त्याच कॅमेऱ्यात. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी फॉरमॅट करतो. रात्रीच्या झोपेत केलेला निर्णय टाळलेला बरा.

*चुकून फॉरमॅट झालंच तर:* त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका, कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवा. साध्या फॉरमॅटने बहुधा यादी पुसली जाते, फोटो लगेच जात नाहीत. फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने बरेच परत मिळू शकतात. आमचे गेले कारण त्याच कार्डावर नवीन चित्रण झालं होतं.

टप्पा ५: निवड

तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त धूसर आणि चुकून निघालेले बाजूला. दुसऱ्यात प्रत्येक जोडीतून सलामी, मुख्य पकड, डाव पडतानाचा क्षण, पाठ जमिनीला लागलेली, पंचांनी हात वर केलेला. तिसऱ्यात द्यायचे पंधरा-वीस.

पहिल्या फेरीत बाजूला काढलेले महिनाभर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मग पुसा.

हरलेल्या पैलवानाचे फोटो काढून टाकू नका. शाळेच्या मैदानात पहिल्या फेरीत बाद झालेल्या मुलीचेही नकोत. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक आणलं. असा निकाल आला की त्या खेळाडूचे जुने, गावातल्या, तालुक्यातल्या स्पर्धेतले फोटो सगळ्यांना एका तासात हवे असतात. ते जिंकण्याच्या दिवशी काढता येत नाहीत. प्रत्येक खेळाडूचा, निकाल काहीही असो, चेहरा स्पष्ट दिसणारा निदान एक फोटो ठेवायचा हा आमचा नियम आहे.

टप्पा ६: नावं आणि माहिती भरणं

सगळ्यात जास्त कंटाळा इथे येतो आणि सगळं इथेच ठरतं. मैदानानंतर दोन दिवसांत झालं तर झालं. आठवड्यानंतर लाल लांग कोणाची, हे वहीवाल्यालाही आठवत नाही.

माहिती फाइलच्या नावात कोंबू नका. फोटोच्या आत माहितीचे ठरलेले रकाने असतात, आयपीटीसी म्हणतात त्यांना: शीर्षक, वर्णन, कीवर्ड, छायाचित्रकार, हक्क, शहर. फोटो मेकॅनिक, ब्रिज, लाइटरूम, डिजिकॅम या सगळ्यांत ते भरता येतात. डिजिकॅम मोफत आहे. फोटो मेकॅनिक विकत घ्यावं लागतं, पण कबड्डी-क्रिकेट करणाऱ्यांना त्यातली एक सोय फार उपयोगी पडते: संघाची यादी एकदा चढवली की नुसता जर्सी नंबर टाइप केला तरी पूर्ण नाव, गाव उमटतं.

आधी जे सगळ्या फोटोंना सारखं आहे ते एकदम भरा: मैदान, तारीख, गाव, तालुका, छायाचित्रकार, हक्क. मग वही उघडून वेळेप्रमाणे एकेका जोडीचे फोटो निवडा आणि वर्णन द्या. वर्णनात कोण, कुठल्या तालमीचा, कोणाविरुद्ध, काय होतंय, कुठे आणि कधी, एवढं असावं. डावाचं नाव खात्रीचं असेल तरच लिहा, नसेल तर नुसतं ‘चितपट’ पुरे.

आता आपल्या भागाची खास अडचण. इथे एकाच गावाला तीन भाषांत नाव आहे. बेळगाव आणि बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं आणि इंग्रजीतली दोन्ही रूपं तेव्हापासून शेजारी शेजारी चालतात. निपाणी, चिकोडी, येळ्ळूर यांची इंग्रजी स्पेलिंगं तर जितके लोक तितकी. खेळाडूंचंही तेच. मराठी हँडबिलात ‘यल्लाप्पा’, कन्नड प्रमाणपत्रावरून घेतलं की ‘यल्लप्पा’, इंग्रजीत आणखी तिसरंच. वर्षभराने एकाच मुलाचे फोटो तीन नावांखाली विखुरलेले असतात.

यावर उपाय एकच, नावांची एक वही, म्हणजे एक्सेलची शीट. प्रत्येक खेळाडूला एक ओळ आणि एक कायमचा क्रमांक. मराठी, कन्नड, इंग्रजी रूप, गाव, तालीम किंवा संघ. फोटोत नावाबरोबर तो क्रमांकही कीवर्ड म्हणून टाकायचा. नावाचं स्पेलिंग कसंही पडलं तरी क्रमांकाने सगळे फोटो निघतात. नवीन नाव भरण्याचा अधिकार गटातल्या एकाच माणसाला द्या. गावांनाही असंच करा, आणि गावाच्या कीवर्डमध्ये तिन्ही भाषांतली रूपं टाका.

देवनागरीत भरताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, जागा. आयपीटीसीच्या जुन्या पद्धतीत कीवर्डला ६४ आणि शहराला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि हलन्तालाही प्रत्येकी तीन. म्हणजे शहराच्या रकान्यात जेमतेम दहा चिन्हं मावतात. ‘कंग्राळी बुद्रुक’ला ४६ बाइट लागतात, जुनं सॉफ्टवेअर ते ‘कंग्राळी बु’वरच कापू शकतं. नव्या एक्सएमपी पद्धतीत ही अडचण नाही, पण फोटो पुढे कुठल्या कचेरीतल्या कुठल्या संगणकावर उघडेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून कीवर्ड आखूड ठेवा, एका कीवर्डमध्ये एकच गोष्ट. ‘निकाली’, ‘कुस्ती’, ‘एकचाक’ वेगवेगळे.

दोन, फॉन्ट. जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेली बातमी वर्णनात चिकटवली की अगम्य खुणा उमटतात आणि शोधात त्या कधीच सापडत नाहीत. युनिकोडमध्येच लिहा.

तीन, दिसायला सारखं पण आतून वेगळं टाइपिंग. ‘तिसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो, कीबोर्डप्रमाणे. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधणाऱ्या संगणकाला दिसतो. गटात सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठेवा आणि कीवर्ड टाइप न करता ठरलेल्या यादीतून निवडा.

*खबरदारी:* व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की आत भरलेली ही सगळी माहिती गळते आणि फोटोही दाबला जातो. वर्तमानपत्राला किंवा सहकाऱ्याला द्यायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो संग्रहात मूळ म्हणून ठेवू नका.

१८ वर्षांखालच्या खेळाडूंच्या फोटोंना वेगळा कीवर्ड द्या, आणि पालकांची किंवा शाळेची परवानगी आहे की नाही ते तिथेच नोंदवा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण बालक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शाळकरी मुलीचा फोटो गाव आणि शाळेच्या नावासकट बाहेर देताना दोनदा विचार करायलाच हवा.

*तपासणी:* ज्याने माहिती भरली नाही अशा सहकाऱ्याला सांगा, ‘सांबऱ्याच्या मैदानातली सातवी जोड काढ.’ दोन मिनिटांत सापडली नाही तर भरण्यात काहीतरी चुकलंय.

टप्पा ७: व्हिडिओ

मूळ क्लिप कापू नका, तिचं नाव बदलू नका. संपादनासाठी हलकी प्रत, प्रॉक्सी, काढून घ्या. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ती निघते आणि साधा लॅपटॉपही पळतो. वहीतल्या वेळांवरून प्रत्येक क्लिपची एक ओळ शीटमध्ये लिहा: क्लिप, सुरुवात, शेवट, जोड, निकाल.

थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारात ठेवावं. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर पूर्ण फाइल उघडेनाशी होऊ शकते, एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमध्येच तिचं एमपी४ करता येतं.

यूट्यूबवर चढवलं म्हणजे जपलं गेलं असं नाही. तिथली प्रत दाबलेली असते.

सगळंच कायम ठेवणं परवडत नाही. आम्ही मुख्य कुस्त्या आणि अंतिम सामने पूर्ण ठेवतो, बाकीच्यांचे महत्त्वाचे तुकडे, आणि उरलेलं सहा महिन्यांनी पुसतो. पुसायची यादी दोघांनी बघितल्याशिवाय पुसत नाही.

टप्पा ८: तिसरी प्रत आणि पावसाळा

दोन प्रती एकाच खोलीत असतील तर चोरी, आग, छत गळणं, यांत दोन्ही एकदम जातात. तिसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा. टीम बेळगावात असेल तर एक डिस्क खानापूरला किंवा निपाणीला सहकाऱ्याच्या घरी, महिन्यातून एकदा अदलाबदल. क्लाउडवर ठेवायचं तर निवडक फोटोच. २० एमबीपीएसच्या अपलोडला तासाला ९ जीबी जातात, म्हणजे एका तासाच्या फोरके चित्रणाला पाच तास.

वर्षानुवर्षं ठेवायचं ते हार्ड डिस्कवर. वीज न देता नुसती कपाटात पडलेली एसएसडी दीर्घकाळासाठी भरवशाची नाही.

आपल्याकडचा पाऊस डिस्कला आणि लेन्सला दोघांनाही खातो. जूनच्या आधी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल आणा, पुड्या मधूनमधून वाळवा किंवा बदला. डिस्क भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते. महिन्यातून एकदा प्रत्येक डिस्क लावून कुठल्याही दहा जुन्या फाइली उघडून बघा. डिस्कवर विकत घेतल्याची तारीख लिहा आणि चार-पाच वर्षांनी सगळं नव्यावर उतरवा.

टप्पा ९: जुना ढीग

मागची दहा वर्षं पडून आहेत म्हणून आजचं काम अडवू नका. आजच्या मैदानापासून वरची पद्धत सुरू करा. जुन्याला फक्त वर्ष-महिन्याचे फोल्डर करा, दोन प्रती काढा आणि पडताळा. नावं नंतर, आणि तीही सगळ्यांना नाहीत.

नावांसाठी मात्र एक घाई करायची आहे. जुन्या फोटोंतले चेहरे आणि डाव ओळखणारे वस्ताद, पंच, निवेदक आता वयस्कर झालेत. लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जा, फोटो मोठा करून दाखवा, मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर ऐकताना कुठलं नाव कुठल्या फोटोचं ते कळतं. एका बैठकीत चाळीसच्या वर फोटो नेऊ नका, त्यांना शीण येतो.